बैलगाडीनं येणारं औषध

मंगरूळपीरच्या ढोरांच्या दवाखान्यात जे डॉक्टर होते, त्यांना चहा निवेपर्यंत धीर धरवत नसे. कप हातात आला की चहा सरळ घशात. बशी, फुंकर असल्या भानगडी नाहीत. डोळ्यांत पाणी यायचं, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, आणि रिकामा कप खाली ठेवून ते म्हणायचे, "हं मास्तर, बोला." मी बशीत ओतून, फुंकून, मिशी न भिजवता चहा पिणारा माणूस. माझी पहिली बशी संपायच्या आत त्यांचं बोलून झालेलं असे, चपला घालून झालेल्या असत, आणि उरलेलं वाक्य मला पुष्कळदा कुंपणापलीकडून ऐकू येई.

मी तिथल्या मराठी शाळेत मास्तर होतो आणि आमचं बिऱ्हाड दवाखान्याला लागूनच होतं. मध्ये फक्त बोराटीचं कुंपण. त्यामुळे या गृहस्थांची घाई सकाळी जाग आल्यापासून माझ्या कानावर असायची. अर्धी दाढी झाली आणि फाटकाशी कोणाचा बैल आला, की ते तसेच बाहेर पडत आणि उरलेली अर्धी दुपारी करत. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत. तुम्ही बोलायला लागलात की तुमचं वाक्य ते स्वतःच पुरं करत, आणि ते बहुतेक चुकत असे. "डॉक्टर, शाळेच्या छपरावर..." एवढं मी म्हटलं की ते म्हणत, "गळतंय, कौलं फिरवून घ्या." मला सांगायचं असे की छपरावर माकड बसलंय आणि हेडमास्तरांची टोपी त्याच्याकडे आहे.

वहिनी, म्हणजे डॉक्टरांची बायको, आपल्या लग्नाची गोष्ट सांगत. मंगलाष्टकं संपायच्या आत यांनी अंतरपाटावरून हार टाकला आणि तो मध्ये उभ्या असलेल्या भटजींच्या गळ्यात पडला. "तेव्हाच मी ओळखलं," वहिनी म्हणत, "या घरात भाकरी फुगायची वाट कोणी बघणार नाही."

आणि अशा माणसाला सगळा तालुका 'थांबा डॉक्टर' म्हणायचा. नवख्या माणसाला ही थट्टा वाटे. ती थट्टा नव्हती. जनावराच्या पोटात औषध गेलं, की या माणसाचं सगळं पाणीच बदलायचं. हात पुसायचे, एक टोपलं पालथं घालून त्या जनावरासमोर बसायचे, मान जराशी कलती करायचे आणि धन्याला म्हणायचे, "थांबा." मग घटका जावो, दुपार जावो, ते हलायचे नाहीत. कोणी विचारलं, "साहेब, आता काय करून राह्यले?" तर उत्तर तेच, थांबा. औषध देऊन पाठ फिरवणारा डॉक्टर त्यांच्या मते डॉक्टर नव्हताच. "ते तर पोस्टमनचं काम," ते म्हणत. "टाकलं आणि निघाले. आत वाचलं कोणी, रडलं कोणी, त्याला काय कळणार?"

मुलूख त्यांचा घाटावरचा, साताऱ्याकडचा. आमची वऱ्हाडी बोली त्यांना यायची नाही, पण तिच्यातून शेतकऱ्याला पटेल असं बोलणं त्यांना बरोबर साधायचं. कोणी बैलाला जुलाब दिल्यावर तासाभरात "अजून काई होऊन नाई राह्यलं" म्हणून तक्रार केली, की ते समजावत. "कुत्र्याचं औषध धावत येतं. घोड्याचं टांग्यानं येतं. बैलाचं बैलगाडीनं येतं, बाबा. याच्या पोटाला चार खोल्या. पहिली खोली म्हणजे रांजण. आपण पेलाभर औषध ओतलं ते त्या रांजणात पडलं, आंबलेल्या चाऱ्यात कालवलं गेलं, मग पुढच्या खोलीत, मग त्याच्या पुढच्या. आज दुपारी निघालेली गाडी उद्या सकाळी पोचणार. तोवर दुसरी गाडी सोडू नका. नाहीतर दोन्ही एकदम दारात येतील."

हे ते इतक्यांदा सांगत की बाजाराच्या दिवशी कुंपणाजवळ खेळणारी माझी मुलगीसुद्धा म्हणायची, "बाबा, तुमी औषध टांग्यानं घेतलं का बैलगाडीनं?"

औषध पाजण्याच्या बाबतीत मात्र ते खवळत. आपल्याकडची रीत अशी, की दोघांनी बैलाचं तोंड आभाळाकडे करायचं, तिसऱ्यानं जीभ ओढून धरायची आणि बांबूच्या नळ्यानं घडाघडा ओतायचं. डॉक्टर दुरून ओरडत येत. "नाक खाली. तो देवाला नवस बोलत नाहीये. जीभ सोडा त्याची, जिभेवाचून तुम्ही पाणी पिऊन दाखवा मला." नाक फार वर गेलं, की औषध पोटाच्या दारानं न जाता फुप्फुसाच्या दारानं जातं, आणि पोटात जे औषध असतं ते तिथे विष होतं. हे ते पाजणाऱ्यालाच मान वर करायला लावून, त्याच्या तोंडात चमचाभर पाणी घालून पटवून देत. तो ठसकला की म्हणत, "कळलं?" सगळ्यांना कळत असे.

आमच्या मांजराच्या कानाला जखम झाली तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. समोर एका वासराच्या खांद्याला ते कार्बोलिकचं तेल लावत होते. मी म्हटलं, "डॉक्टर, त्यातलंच बोटभर द्या ना." त्यांनी बाटली पाठीमागे लपवली, जशी काही मी ती हिसकावून घेणार होतो. "मास्तर, वाघ म्हणजे मोठं मांजर, हे ठीक. पण मांजर म्हणजे छोटी गाय नव्हे. गायीला चालतं ते याला चालत नाही. हे चाटणार, पोटात जाणार, आणि याच्या यकृताला ते मोडून काढता येत नाही." मग मिठाच्या कोमट पाण्यानं कान धुवायला सांगून ते मांजरासमोर टोपलं पालथं घालून बसले. मांजर निघून गेलं. ते बराच वेळ तसेच बसून होते.

माझ्या चहाचं एकदा त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. आमच्याकडे दूध घालणाऱ्या बाईची म्हैस फुगली होती, तिला डॉक्टरांनी जवसाच्या तेलातून टर्पेंटाइन पाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला रंगाऱ्याच्या डब्याचा वास. मी कप घेऊन तसाच कुंपणाशी गेलो आणि म्हटलं, घ्या, तुमचं औषध. त्यांनी वास घेतला, एक घोट घेतला, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की घरात पोरगं झाल्याची बातमी आलीय असं वाटावं. "पोचलं," ते म्हणाले. "रक्तात पोचलं, मास्तर. आत गेलेलं औषध आतच बसत नाही. श्वासातून निघतं, मुतातून निघतं, दुधातून निघतं. वेळेवर निघून गेलं म्हणजे काम करून गेलं." मग त्यांनी त्या बाईला दूध काही दिवस ओतून द्यायला सांगितलं, आणि माझा उरलेला चहा बोराटीच्या मुळाशी ओतून कप मला परत दिला. त्या दिवशी मी बिनचहाचा शाळेत गेलो आणि पोरांवर कारण नसताना ओरडलो.

आता ज्या दोघांमुळे डॉक्टर माझ्या मनात कायमचे बसले, त्यांच्याविषयी सांगतो.

गफूरभाईंचं बाजारात बैलांच्या साजाचं दुकान होतं. वेसणी, सापत्या, घुंगरांच्या माळा, झुली. माणूस उंच, मेंदी लावलेली दाढी, आणि बोलणं असं गोड की वेसण घ्यायला आलेला माणूस झूल घेऊन जाई. सुकदेवराव आसेगावचे शेतकरी, ठेंगणे, कमी बोलणारे. या दोघांची मैत्री बैलांवरून जमलेली. गफूरभाईंचा लाल्या आणि सुकदेवरावांचा बादल, असे दोन घरचे दोन बैल एका जुवाखाली धावत, आणि शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, त्या जोडीचं नाव निघालं की माणसं गाड्यांच्या साट्यांवर चढून बघत. लाल्या काही दिवस मंगरूळात, काही दिवस आसेगावात राही. ईदला सुकदेवराव गफूरभाईंकडे शीरखुर्मा खायला, पोळ्याला गफूरभाई आसेगावात पुरणपोळी खायला. दोघांचीही पोरं दुसऱ्याला काका म्हणायची. आणि दोघांना एकमेकांची एकच भीती, की आपल्यामुळे जोडी फुटू नये.

एका हिवाळ्यात लाल्याचं खाणं कमी झालं. पट तोंडावर आलेला. डॉक्टरांनी तपासून भूक लागायची कडू पूड दिली. तिच्यात कुचला होता. कुचल्याचं बी म्हणजे कडू जहर, पण बेतानं दिलं तर तोंडाला पाणी सुटतं, पोट हलतं. पुड्या बांधून डॉक्टरांनी निम्म्या गफूरभाईंकडे दिल्या, निम्म्या सुकदेवरावांकडे, कारण बैल दोन्हीकडे असायचा. "रोज एक. पिठाच्या गोळ्यात. उद्या फरक नाही दिसणार, परवाही नाही. थांबायचं."

दोघांनीही माना डोलावल्या.

पट आसेगावजवळच्या शिवारात भरला होता. ज्वारी निघालेली, शेत सपाट केलेलं, दोन्ही बाजूंना गाड्याच गाड्या. रहाटपाळणा करकरत होता, शेव-जिलेबीच्या कढया उकळत होत्या, डफडी वाजत होती. डॉक्टर अर्थातच सगळ्यांच्या आधी पोचले होते आणि पट सुरू होत नाही म्हणून चिडले होते. मी चहाच्या पालाशी नुकती बशी हातात घेतलेली.

दुपारी लाल्या-बादल छकड्याला जुंपले. लाल्याचे कान थरथरत होते, पाय ताठ पडत होते. लोक म्हणाले, "आज लय जोशात हाय." तेवढ्यात शेजारी डफड्यावर टिपरी पडली, आणि लाल्या उभ्याचा आडवा झाला. पाय लाकडासारखे, मान मागे, डोळे बाहेर. छकडा हाकणारा धुरकरी उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला.

"नजर लागली," कोणी म्हणालं. "करणी हाय, मंतरवाल्याले बलवा," दुसरा म्हणाला. गर्दी फोडून डॉक्टर आत आले. झटका ओसरला होता, लाल्या धापा टाकत होता. डॉक्टरांनी त्याच्या कानाशी हळूच एक टाळी वाजवली. बैल पुन्हा ताठ झाला.

"कुचला," ते म्हणाले. मान वर करून त्यांनी दोघा धन्यांकडे पाहिलं. "किती पुड्या दिल्या?"

गफूरभाई जमिनीकडे बघत होते. सुकदेवरावही जमिनीकडेच बघत होते.

मग त्या माणसानं जे केलं ते त्या पटाला आलेला कोणीही विसरला नसेल. "कुचला मज्जारज्जूचा लगाम सोडतो," ते मला चालता चालता सांगत होते. "मग टाळी वाजो, पान पडो, सगळं अंग एकदम दौडतं. जितका आवाज तितके झटके, आणि एका झटक्यात श्वास अडकला की संपलं. मास्तर, हा पट मुका करायचाय मला."

आणि त्यांनी तो मुका केला. डफडेवाल्याच्या टिपऱ्या काढून स्वतःच्या खिशात घातल्या. रहाटपाळणा थांबवला, वर अडकलेल्या बायकांना तोंडावर बोट ठेवून दाखवलं, आणि त्या बिचाऱ्या पदर तोंडात धरून आभाळात बसून राहिल्या. सगळ्या बैलांच्या घुंगरमाळा उतरवल्या, ज्या उतरेनात त्यांत कापूस कोंबला. आमच्या भागात बाकी कशाची वाण असेल, कापसाची नाही. लाल्याच्या कानांतही कापसाचे बोळे गेले. कोतवाल गडी उत्साही. सगळ्यांनी गप बसावं अशी दवंडी द्यायला त्यानं ढोलकं उचललंच होतं, डॉक्टरांनी वरच्या वर त्याचा हात धरला.

एवढी माणसं, एवढी जनावरं, आणि त्या शिवारात कढईतल्या तेलाचा तेवढा आवाज. मग शेववाल्यानं जाळ ओढून घेतला आणि तोही थांबला.

लाल्यावर झुलींचा आडोसा उभा केला. डॉक्टरांच्या पेटीत क्लोरल होतं, झोपेचं औषध. ज्वारीच्या पिठाची पातळ पेज करून त्यात ते विरघळवलं आणि रबरी नळीनं मागच्या वाटेनं आत सोडलं. मी कुजबुजत विचारलं, तोंडानं का नाही. "घशाला हात लागला की झटका," ते तेवढ्याच हळू म्हणाले. "आणि तोंडानं दिलं तर बैलगाडीनं येईल. आज मला टांगा पाहिजे." मग टोपलं पालथं घातलं, बसले, मान कलती केली. "थांबा."

आडोशाच्या आत आम्ही चौघंच होतो. बैल आणि मृत्यू यांच्यामध्ये एक औषध चालत येत होतं आणि ते कुठपर्यंत आलं हे कोणालाच दिसत नव्हतं. सुकदेवरावांना डॉक्टरांनी चहाच्या पालाकडे पिटाळलं. बिनदुधाचा, बिनसाखरेचा, काळा कडक चहा उकळून आणायला. चहातला तुरटपणा पोटात उरलेल्या कुचल्याला धरून ठेवतो म्हणे. सगळ्या पटाची चहाची पत्ती त्या कामी लागली. माझी बशी तर मघाशीच सांडली होती.

सुकदेवराव गेले तसे गफूरभाई गुडघ्यावर पुढे सरकले. दाढी ओली झालेली. "डाक्टरसाब, मीनं देल्ल्या," ते म्हणाले. "सकाळी. माह्याजवळच्या साऱ्या. कालपरवा देऊन काई फरकच दिसून नाई राह्यला, म्हटलं आज दौडला पाह्यजे. सुकदेवले सांगू नोका. माहा बैल मरन तं मरो, पन त्याची जोडी म्या फोडली, हे त्याच्या कानावर गेलं तं तो मले तोंड दाखवनार नाई."

डॉक्टर लाल्याच्या डोळ्यांकडेच बघत होते. "थांबा," ते म्हणाले. "आत्ता काही बोलू नका."

सुकदेवराव किटली घेऊन आले, तेव्हा लाल्याची मान जराशी सैल पडली होती. डॉक्टरांनी गफूरभाईंना थंड पाण्याच्या फडक्यांसाठी बाहेर पाठवलं. सुकदेवरावांनी किटली खाली ठेवली आणि ते तिथेच बसले. या माणसाला मी कधी चार वाक्यं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. "साहेब, पहाटे मीनं गोया केल्ता. माह्या वाटच्या उरल्या तेवढ्या पुड्या घातल्या त्याच्यात. तो गफूरभाईचा जीव हाय, साहेब. दुसऱ्याच्या बैलाले मारलं मीनं. मी सांगतो त्यायले आताच, मंग ते काई करोत."

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांच्या कपाळावरची शीर तेवढी हलली.

"थांबा," ते म्हणाले. "आत्ता नाही. बैल उठू द्या."

ऊन कलताना लाल्याच्या अंगाचा ताठा उतरला. नाक खाली ठेवून, घोट घोट करून त्याला तो काळा चहा पाजला. डॉक्टरांनी कानातला कापूस काढला आणि पुन्हा एकदा हळूच टाळी वाजवली. लाल्यानं फक्त कान हलवला. मग पुढचे पाय, मग मागचे, आणि तो उभा राहिला, तरी कोणी आवाज केला नाही. सगळा पट नुसता हात वर करून उभा. पाळण्यातल्या बायकांना खाली उतरवलं तेव्हा त्यांतल्या एकीनं पहिल्यांदा तोंड उघडलं आणि पाळणेवाल्याचा उद्धार केला.

गफूरभाई आणि सुकदेवराव एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. एकानंही काही सांगितलं नाही.

परतताना टांग्यात मी डॉक्टरांना विचारलं, "अहो, सांगून टाका ना दोघांनाही. दोघांच्याही डोक्यावरचं ओझं उतरेल."

"एकट्याच्या पुड्या असत्या तर लाल्या थरथरून निभावला असता," ते म्हणाले. "दोघांच्या मिळून दारात आल्या. पण हे आज सांगितलं, तर एक म्हणेल तुझ्या जास्त, दुसरा म्हणेल तुझ्या जास्त. आज ते दोघे लाल्यासारखे झालेत, मास्तर. टाळी वाजली तरी ताठ होतील. खरं कधी पाजायचं यालाही वेळ असते." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि पुड्या एकदम मी दिल्या. त्यांनी घाई केली, पण घाई करायचं सामान माझं होतं." त्यानंतर कडू पूड त्यांनी कोणाला घरी नेऊ दिली नाही. ज्याला पाहिजे त्यानं रोज जनावर घेऊन यावं.

पुढच्या दोनेक वर्षांत आम्ही एक अजब तमाशा पाहिला. दोघेही मित्र अपराधाच्या भारानं इतके चांगले झाले की बघवेना. गफूरभाईंनी बादलासाठी अशी घुंगरमाळ पाठवली की तिच्या वजनानं बैलाची मान वाकावी. सुकदेवरावांनी तुरीच्या शेंगांची पोती पाठवली. गफूरभाईंनी सुकदेवरावांच्या पोरांना टोप्या शिवल्या. सुकदेवरावांनी गफूरभाईंच्या घरी गाडीभर हुरडा ओतला. त्यांच्या घरचे सगळे हुरड्यानं आजारी पडले. लाल्याला दोन्ही घरचा खुराक, तो असा सुटला की शंकरपटाचं नाव काढायची सोय उरली नाही. आणि दोघांपैकी कोणीही भेटला की डॉक्टरांकडे चोरून बघायचा. डॉक्टर डोळे मिचकावत, आणि मला कोपरानं ढोसत. ज्या माणसाला चहा निवेपर्यंत दम नव्हता, त्यानं हे पोटात ठेवून दोन हिवाळे काढले.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत त्यांच्या बदलीचा हुकूम आला, दूर निमाडकडे. तेव्हा पेट्रोलची टंचाई, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे भट्टी, तिला पंखा मारून मारून धग आणायची, गॅस तयार झाला की मग गाडी हलणार. अकोल्याच्या मोटारीजवळ डॉक्टर सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. "अहो, घाला ना वारा. अजून किती? मी फिरवू का पंखा?" क्लीनरला त्यांनी सळो की पळो केलं. वहिनी ट्रंकेवर शांत बसून होत्या. गफूरभाई आणि सुकदेवराव दोघेही शिधा घेऊन आले होते, आणि कोणाची टोपली मोठी यावरून मनातल्या मनात झुरत होते.

शेवटी भट्टीनं दम धरला. डॉक्टर आणि वहिनी मोटारीत बसले. मोटार धडधडू लागली. तेव्हा डॉक्टरांनी खिडकीतून हात बाहेर काढून दोघांना जवळ बोलावलं.

"गफूरभाई, लाल्याला त्या सकाळी तुम्ही काय खाऊ घातलं होतं, ते सुकदेवरावांना सांगा. आणि सुकदेवराव, तुम्ही पहाटे काय घातलं होतंत, ते यांना सांगा."

आणि मोटार हलली.

मागे दोघे एकमेकांकडे बघत उभे. मोटार कडुनिंबापर्यंत गेली असेल नसेल, आतून डॉक्टरांचा आवाज आला, "थांबा. अहो थांबवा गाडी." ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. डॉक्टर उतरले, घाईघाईनं मागे आले आणि आमच्यापासून थोड्या अंतरावर उभे राहिले. हात पाठीशी, मान कलती.

"तुमीबी?" सुकदेवराव म्हणाले.

"तूबी?" गफूरभाई म्हणाले.

सुकदेवरावांचा चेहरा लाल झाला, आणि मला वाटलं, झालं, आता हे भांडणार. गफूरभाईंनीही मुठी आवळल्या होत्या. मी पुढे होणार होतो, डॉक्टरांनी बोट नुसतं वर केलं. मी थांबलो.

"म्हंजे दोन बरसं," गफूरभाई सावकाश म्हणाले, "तुह्या शेंगा खाऊ खाऊ माहं पोट बिघडून राह्यलं, ते कायले?"

"अन् तुमची ते घुंगरमाय," सुकदेवराव म्हणाले. "बादलची मान वाकडी झाली, तरी म्या काढली नाई. काहून काढू? मले वाटे, ह्या मानसाचा बैल मारला असता मीनं."

गफूरभाईंच्या दाढीतून आधी एक चमत्कारिक आवाज आला. मग सुकदेवरावांच्या पोटातून. आणि मग ते दोघे तिथेच शिध्याच्या टोपल्यांवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. एकाच्या टोपलीचं बूड फुटलं, त्यावर आणखी हसले. गफूरभाई मध्येच रडले आणि सुकदेवरावांनी आपल्या उपरण्यानं त्यांचं तोंड पुसलं.

"हं," डॉक्टर म्हणाले. "लागू पडलं."

पण तोवर मोटारीची भट्टी विझली होती. ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला, उतारू कुरकुरले, क्लीनरनं पुन्हा पहिल्यापासून पंखा हातात घेतला. मला वाटलं, आता हा गृहस्थ थयथयाट करणार. मी हॉटेलातून चहा मागवला, निदान तेवढा तरी घशात जाऊ द्या म्हणून. डॉक्टर त्या दोघांच्या समोर जमिनीवर बसले. मी कप त्यांच्या हातात दिला. ते मानेनं हो म्हणाले आणि कप हातात घेऊन तसेच बसून राहिले. गफूरभाई सुकदेवरावांना त्या सकाळची हकिकत पहिल्यापासून सांगत होते, सुकदेवराव मध्ये मध्ये आपली पहाट घालत होते, आणि डॉक्टर ऐकत होते. भट्टी पेटत होती. या माणसाचा मला इतका लोभ होता हे मला त्या वेळी कळलं, आणि तो तासाभरात जाणार होता.

मोटार पुन्हा धडधडली, तेव्हा त्यांनी कप माझ्याकडे परत दिला. चहा तसाच होता, आणि त्यावर साय धरली होती.